मामांची मैना सरकारजमा करताना

पिंजऱ्यातली मैना घरात ठेवणे हा गुन्हा आहे, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, एका पशुवैद्यकाच्या टेबलासमोर उभी असताना कळले. तोवर मैना म्हणजे माझ्या लेखी मामांच्या वाईच्या घराचाच एक भाग होती. ओसरीवरचा झोपाळा, कोनाड्यातला रेडिओ आणि तुळईला टांगलेला पिंजरा, यांपैकी कशाचीही कायदेशीर बाजू तपासावी असे आमच्या कुटुंबात कोणाला कधी वाटले नव्हते. त्यानंतरचे तीस दिवस ती आजारी मैना सांभाळण्यात आणि तिला रीतसर वनविभागाच्या ताब्यात देण्यात गेले. त्या दिवसांत मी मराठीत जेवढे शोधले, त्यात छाप्यांच्या बातम्या भरपूर सापडल्या. परंतु स्वतःहून पक्षी सोपवायला गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे मात्र कोणी लिहिलेले दिसले नाही. म्हणून हे तारीखवार लिहून ठेवते आहे.

3 फेब्रुवारी 2024 रोजी मामा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. मामांचे वय तेव्हा एकोणऐंशी होते आणि 2009 साली मामी गेल्यापासून ते एकटेच राहतात. साताऱ्याला शस्त्रक्रिया झाली आणि 14 तारखेला आम्ही त्यांना पुण्याला आमच्या घरी घेऊन आलो. गाडीत बसताना त्यांनी एकच अट घातली होती, ती अशी की मैनाबाई बरोबर आली पाहिजे. शेजारणीने अकरा दिवस तिचे दाणापाणी पाहिले होते. पण मामांच्या म्हणण्याप्रमाणे एवढ्यात तिने "बोलणं टाकलं" होतं.

ही मैना म्हणजे आपल्या अंगणात चालणारी तपकिरी साळुंकी नव्हे. ही पहाडी मैना होती. अंगावर जांभळट झाक असलेला तकतकीत काळा रंग, नारिंगी चोच, पिवळे पाय, पंखावर पांढरा पट्टा, आणि डोळ्यांखालून मानेपर्यंत गेलेल्या पिवळ्या मांसल पट्ट्या. छत्तीसगडचा राज्यपक्षी असलेली बस्तरची मैना याच जातीतली. मामींच्या पश्चात घर खायला उठते म्हणून मामांनी ती एका जत्रेत फिरत्या विक्रेत्याकडून चारशे रुपयांना घेतली होती. देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर 1990-91 पासूनच संपूर्ण बंदी आहे, म्हणजे तो व्यवहार त्या दिवशीही बेकायदाच होता; पण जत्रेत बांगड्यांच्या शेजारी मांडलेली वस्तू बेकायदा असेल, असे निवृत्त शिक्षकालाही वाटले नाही.

आमच्या घरी आल्यावर आठवडाभरात ती बोलू लागली. "कोण आलंय?" आणि "चहा टाक" ही तिची जुनी वाक्ये होती. त्यांत तिने कुकरच्या शिट्टीची भर घातली, आणि ती इतकी हुबेहूब की सासूबाई तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करायच्या, त्यांतली एक मैनाबाईची असायची, आणि दोन दिवस आम्ही कच्ची डाळ खाल्ली. घरात हसू परत आले आणि मामाही वॉकर घेऊन पिंजऱ्यापर्यंत जाऊ लागले. त्यामुळे ती आजारी आहे, हे लक्षात यायला मला उशीर झाला. श्वास घेताना तिची शेपटी प्रत्येक वेळी खालीवर हलते, हे मी पाहिले होते, पण ती तिची लकब असावी अशी समजूत करून घेतली होती. शांत बसलेल्या पक्ष्याची शेपटी श्वासाबरोबर लयीत हलत असेल, तर तो श्वासासाठी झगडत असतो. हे मला कोणी आधी सांगितले असते, तर बारा दिवस वाचले असते.

24 फेब्रुवारीला ती पिसे फुगवून दांडीऐवजी पिंजऱ्याच्या तळाशी बसली. घराजवळच्या दवाखान्यात नेले, तर तिथल्या डॉक्टरांनी पिंजऱ्यावरचा कपडा उचलून पाहिले, परत खाली सोडला आणि "आम्ही हे केस घेत नाही" एवढेच म्हणाले. कारण सांगितले असते, तर बरे झाले असते. दोन दिवसांनी, 26 तारखेला, पक्ष्यांवर उपचार करणारे दुसरे डॉक्टर सापडले. त्यांनी आधी तिला तपासले, प्राणवायू दिला, आणि मग मला शांतपणे विचारले, "ही पाळता येत नाही, हे माहीत आहे ना तुम्हाला?" उपचार करायला त्यांनी नकार दिला नाही, हे मुद्दाम नोंदवते, मात्र वनविभागाला कळवावे, असे त्यांनी केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. तोच कागद पुढे सर्वांत जास्त कामाला आला.

क्ष-किरण चित्रात यकृत खूप वाढलेले दिसले आणि पोटात पाणी झाले होते. डॉक्टरांचा संशय असा होता की तिच्या यकृतात लोह साठत गेले आहे. मैना आणि मोठ्या चोचीचा परदेशी टूकन यांसारख्या मुख्यत्वे फळांवर जगणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा आजार पिंजऱ्यात बऱ्याचदा आढळतो, कारण त्यांच्या आतड्याला आहारातले लोह अडवता येत नाही, ते शोषले जाते आणि वर्षानुवर्षे यकृतात जमत राहते. रक्त तपासून याची खात्री होत नाही, त्यासाठी यकृताचा तुकडा काढावा लागतो, आणि एवढ्या थकलेल्या पक्ष्यावर ते करणे त्यांना धोक्याचे वाटले. त्यांनी विचारले, "हिला खायला काय देता?" मी मामांना फोन लावून दिला. मामांनी सांगितलेली यादी अशी होती: सकाळी दूध-पोळी, दुपारी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, संध्याकाळी पेरू किंवा मोसंबीची फोड, आणि रक्त वाढावे म्हणून रोज चार बेदाणे आणि चिमूटभर गूळ.

डॉक्टर क्षणभर काही बोलले नाहीत. दूध पक्ष्यांना पचतच नाही. डाळ, बेदाणे आणि गूळ यांत लोह असते आणि मोसंबीतल्या क जीवनसत्त्वामुळे ते आणखी शोषले जाते. पंधरा वर्षे, एकही दिवस न चुकवता, मामांनी तिला तेच भरवले होते जे तिला सोसवणारे नव्हते. मी घरी येऊन त्यांना आजाराचे नाव सांगितले, कारण मात्र सांगितले नाही. मामा शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी आठवड्याभरात ते स्वतःच ताडले आणि खिशातली बेदाण्यांची पुडी मला न विचारता डब्यात ओतून ठेवली.

त्या दिवसापासून तिचा दिनक्रम बदलला. ज्यांच्याकडे असा पक्षी या ना त्या कारणाने येऊन पडला असेल आणि तो सोपवेपर्यंत सांभाळावा लागणार असेल, त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर लिहिते. आहारात पिकलेली पपई, केळे, सफरचंद, पेर आणि कलिंगड यांचे वाटाण्याएवढे तुकडे आले, आणि त्यांच्या जोडीला कमी लोहाचे तयार खाद्य. हे खाद्य परदेशी असते, सहज मिळत नाही, आणि घेताना पाकिटावर किलोमागे लोह किती मिलिग्रॅम आहे ते पाहावे लागते. आम्हाला शंभरपेक्षा कमी असलेलेच घ्यायला सांगितले होते. लिंबूवर्गीय फळे, टोमॅटो, पालक, बेदाणे आणि मनुका बंद झाल्या. सगळ्यांत गंमत म्हणजे डॉक्टरांनी दूध-साखरेशिवायचा अगदी फिकट, गार केलेला चहा थोडासा द्यायला सांगितला, कारण चहातला तुरटपणा आणणारे घटक लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. पंधरा वर्षे "चहा टाक" म्हणणाऱ्या मैनाबाईला अखेर चहा मिळाला, आणि तो तिने वाटी उलटवून सांडला. तिसऱ्या दिवशी प्यायली. हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र कोणी करू नये.

जुना पिंजरा दीड फुटांचा होता आणि त्यात एकाच जाडीची गुळगुळीत दांडी होती, त्यामुळे तिच्या तळपायांना घट्टे पडले होते. तीन फूट लांबीचा पिंजरा आणला आणि त्यात पेरूच्या झाडाच्या निरनिराळ्या जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून बसवल्या. पिंजरा स्वयंपाकघरातून बाहेर काढला, कारण न चिकटणारा तवा जास्त तापला तर त्यातून निघणारी वाफ पक्ष्यांचा काही मिनिटांत जीव घेऊ शकते. उदबत्ती आणि डासांची कॉइलही त्या खोलीत बंद केली. संध्याकाळी साडेसातला पिंजऱ्यावर सुती चादर टाकून तिला सकाळपर्यंत पूर्ण अंधार द्यायचा, हे सासूबाईंच्या मालिकांच्या वेळेशी जुळवताना दोन दिवस कुरबुर झाली. दुपारी परातीत दोन बोटे पाणी ठेवले की ती आत उतरून असे काही पंख आपटायची की भिंतीपर्यंत शिंतोडे जायचे. फळे खाणाऱ्या मैनेची विष्ठा पातळ असते आणि ती लांब उडते. हे पुस्तकात एका ओळीत असते, घरात मात्र त्यासाठी रोज दोन वर्तमानपत्रे आणि एक बादली लागते.

सगळ्यांत उपयोगी पडली ती साधी सवय म्हणजे रोज सकाळी खाण्याआधी वजन करणे. स्वयंपाकघरातल्या हरभऱ्याएवढ्या फरकाची दखल घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पुठ्ठ्याचा खोका ठेवून मी ते लिहीत असे. 27 फेब्रुवारीला वजन 214 ग्रॅम होते. पाण्याचे औषध सुरू झाल्यावर आठवड्यात ते 201 झाले, तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना फोन केला; ते म्हणाले, ही वाईट बातमी नाही, पोटातले पाणी उतरले आहे. श्वास सुधारला, शेपटीची हालचाल कमी झाली. परंतु शरीरातले लोह बांधून बाहेर काढणारी इंजेक्शने बराच काळ द्यावी लागतील आणि त्यासाठी तिला वन्यजीव उपचार केंद्रातच ठेवणे बरे, असेही त्यांनी त्याच फोनवर सांगितले.

आता कागदांकडे वळते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये हे पक्षी संरक्षित आहेत आणि ते ताब्यात ठेवण्याबद्दल कैदेची व दंडाची तरतूद आहे. कलम 39 नुसार असा प्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते, आणि ती ज्याच्या ताब्यात येईल त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. मामांचे पंधरा वर्षांचे 48 तास केव्हाच उलटून गेले होते आणि माझेही उलटत होते. मी लगेच फोन केला नाही, हे प्रांजळपणे सांगते. वॉकरवर चालणाऱ्या माणसाला चौकीत बसवतील, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हते. माझे पती पहिल्या दिवसापासून "कळवून टाकू" म्हणत होते. थांबवत होते ते मीच.

या काळात सल्ले पुष्कळ मिळाले. एकाने सांगितले, रात्री डोंगरावर नेऊन सोडून दे, प्रश्न मिटला. पंधरा वर्षे पिंजऱ्यात असलेला, यकृत सुजलेला, मांजर ओळखत नसलेला पक्षी सोडणे म्हणजे त्याला मरायला सोडणे. शिवाय हा पक्षी कुठल्या जंगलातून पकडून आणला होता, हेच माहीत नसताना त्याला भलत्या प्रदेशातल्या पाखरांमध्ये सोडणे त्यांच्याही दृष्टीने घातक. दुसऱ्याने मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या उत्साहाने बातमी पाठवली, की 28 फेब्रुवारीला नवे नियम निघाले आहेत, पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर सहा महिन्यांत नोंदणी केली की पक्षी घरी ठेवता येतो. एका रविवारी मी खाते उघडून बसले, निम्मा अर्ज भरला, आणि मग नियम नीट वाचले. ती नोंदणी मकाव किंवा आफ्रिकी करड्या पोपटासारख्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडच्या संरक्षित पक्ष्यांना तिचा काही उपयोग नाही. रविवार वाया गेला, पण आता मैनाबाई आपल्याकडे राहू शकत नाही, हे मला त्या अर्ध्या अर्जाने पटवले, जे डॉक्टरांच्या सांगण्याने पुरते पटले नव्हते.

11 मार्चला वकिलांना भेटलो. त्यांनी अर्ध्या तासाचे दीड हजार रुपये घेतले आणि तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, जे घडले ते जसेच्या तसे लिहा. "आज सकाळी गॅलरीत सापडली" असली गोष्ट रचू नका, कारण बोलणारी मैना पहिल्याच मिनिटात तुम्हाला खोटे पाडेल. दुसरी, अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. तिसरी, मामांच्या आणि माझ्या नावाने एकच संयुक्त अर्ज करा, म्हणजे पक्षी कोणाचा आणि आज कोणाकडे आहे, यात गोंधळ होणार नाही. मैनाबाईने आम्हाला खोटे पाडण्याचा वकिलांचा मुद्दा मामांना फार आवडला. त्या दिवशी ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

12 मार्चला महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन केला. फोन उचलणाऱ्याने नाव, पत्ता, पक्षी कोणता आणि प्रकृती कशी, एवढेच विचारले, आणि आमच्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा पत्ता दिला. 13 तारखेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले, तर तिथे कळले की आमची सोसायटी ओढ्याच्या पलीकडे असल्यामुळे दुसऱ्या परिक्षेत्रात मोडते. 14 ला दुसरीकडे गेले. साहेब वणवा विझवायला गेले होते. फेब्रुवारी ते मे हे वणव्यांचे दिवस, आणि 16 मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाल्यावर कर्मचाऱ्यांच्या निवडणुकीच्या नेमणुकाही सुरू झाल्या. त्यामुळे शक्य असेल तर कार्यालयात सकाळी दहाच्या ठोक्याला जावे आणि आदल्या दिवशी फोन करून जावे, एवढेच सुचवू शकते. 18 मार्चला अर्ज दाखल झाला आणि पोच मिळाली. सोबत दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती, पक्ष्याची चार बाजूंनी काढलेली छायाचित्रे, डॉक्टरांचे केसपेपर, क्ष-किरण अहवाल आणि मामांच्या शस्त्रक्रियेचे कार्ड जोडले होते. शुल्क काही नव्हते.

वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. 2003 साली शासनाने बाळगलेले वन्यजीव जाहीर करण्यासाठी ठरावीक मुदत दिली होती, तेव्हा काही नोंद केली होती का, असे त्यांनी विचारले. पक्षी 2009 चा असल्यामुळे तो प्रश्नच नव्हता. विक्रेत्याचे नाव विचारले. ते मामांना कधीच माहीत नव्हते. "स्वतःहून आलात ते बरं केलंत," असे म्हणून त्यांनी पंचनाम्यासाठी घरी येण्याची तारीख कळवू असे सांगितले. तोवर पक्षी आमच्याकडेच, पण कोणाला देऊ नका, सोडू नका आणि औषध चालू ठेवा, असे तोंडी सांगितले. मी ते लेखी मागितले. त्यांनी आमच्या पोचेवर दोन ओळी लिहून सही केली.

ते नऊ दिवस सर्वांत जड गेले. दाराची घंटा वाजली की मामांच्या हातातला पेला हिंदकळायचा, आणि त्यात भर म्हणजे घंटा वाजताच "कोण आलंय?" असा आतून खणखणीत प्रश्न यायचा.

27 मार्चला सकाळी अकराला वनपाल, एक वनरक्षक आणि उपचार केंद्रातली एक तरुण पशुवैद्यक असे तिघे आले. पंच म्हणून शेजारचे दोघे आधीच विचारून ठेवले होते. हे करून ठेवावे, नाहीतर ऐनवेळी कोणी कागदावर सही करायला तयार होत नाही. पंचनाम्यात पिंजऱ्यांची मापे, पक्ष्याचे वर्णन, वजन, पायात वळे नसणे, पंख छाटलेले नसणे, सारे लिहिले गेले. "लिंग" या रकान्यात "अनिश्चित" असे लिहिताना मामांनी हरकत घेतली. तेव्हा त्या पशुवैद्यक मुलीने समजावले की पहाडी मैनेत नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, रक्ताची किंवा पिसाची तपासणी केल्याशिवाय सांगता येत नाही. मैनाबाई कदाचित मैनाराव असतील, या शक्यतेवर मामांनी बराच वेळ विचार केला आणि मग जबाबावर सही केली. जबाब तीन पानांचा झाला. त्यातले शुद्धलेखन त्यांनी सही करण्याआधी दुरुस्त केले, आणि वनपालांनी ते करू दिले.

त्या मुलीशी झालेले बोलणे माझ्या लक्षात राहिले. मामा तिला म्हणाले, "सुखात होती हो ती, दिवसभर बोलायची." त्यावर ती म्हणाली, "आजोबा, रानात या मैना दुसऱ्या पाखरांची नक्कल करत नाहीत. शेजारच्या मैनांकडून आवाज उचलतात, आणि तेही नर नराकडून, मादी मादीकडून. हिला मैना मिळाली नाही, म्हणून तिने तुमचा आवाज उचलला." ती हे सहज, वहीत काहीतरी लिहिता लिहिता बोलली. मामांनी मान हलवली.

नेताना पिंजऱ्यातला झोका आणि पाण्याची वाटी काढून घेतली, कारण गाडी हलली की पक्षी त्यांवर आपटतो. मग तिला हवेची भोके असलेल्या खोक्यात जुन्या सुती पंचावर बसवले आणि ऊन वाढायच्या आत निघाले. दोन्ही पिंजरे पंचनाम्यात असल्यामुळे तेही गेले. उरलेले खाद्याचे पाकीट आणि माझी वजनांची वही मी आपणहून दिली. वही त्यांनी फारच आनंदाने घेतली. त्या दिवशीचे वजन 203 ग्रॅम होते.

पुढची वाट फोनवरची होती. केंद्रात तीस दिवस तिला इतर पक्ष्यांपासून वेगळे ठेवले. भेटायला जाण्याची परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही. माणसाचा लळा कमी व्हावा हे त्यांचे कामच असते, हे मला समजत होते, मामांना समजावणे मात्र अवघड गेले. दर पंधरा दिवसांनी एकदाच फोन करायचा असे मी ठरवून घेतले, कारण त्या काळात तिथे उन्हाने पडलेली पिल्ले रोज येत होती आणि फोन उचलणारी तीच दोन माणसे होती. एप्रिलमध्ये मामांना आणखी एकदा कार्यालयात बोलावले, अर्ध्या तासात परत पाठवले. त्यानंतर आजवर आम्हाला कसलीही नोटीस आलेली नाही. आमचे वय, आजारपण, स्वतःहून कळवणे, यांतले काय उपयोगी पडले ते मी सांगू शकत नाही आणि प्रत्येकाच्या बाबतीत असेच होईल अशी हमीही देऊ शकत नाही. वकिलांशी आधी बोलावे, हे मात्र आग्रहाने सांगते.

तिला रानात सोडता येणार नाही, असा केंद्राचा अहवाल गेला. मग तिला राज्यातल्या एका प्राणिसंग्रहालयाच्या पक्षीगृहात हलवण्याचा प्रस्ताव नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडे गेला आणि निवडणुका, उन्हाळा आणि एक त्रुटीपत्र यांतून वाट काढत मे महिन्याच्या अखेरीस मंजूर झाला. त्रुटी काय होती, तर प्रस्तावात एका ठिकाणी "साळुंकी" आणि दुसऱ्या ठिकाणी "पहाडी मैना" असे लिहिले गेले होते. अर्ज लिहिताना पक्ष्याचे शास्त्रीय नाव सुरुवातीपासून सर्व कागदांवर एकसारखे लिहावे, हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

खर्च विचारला जातो म्हणून लिहिते. डॉक्टरांची तपासणी, क्ष-किरण, रक्त आणि दोन फेरभेटी मिळून 4,400 रुपये, औषधे 650, तयार खाद्य 2,800, पिंजरा 3,600, वकील 1,500 आणि रिक्षा-पेट्रोल अंदाजे 1,200. एकूण 14,150. वनविभागाने एक रुपयाही मागितला नाही. रजा मात्र साडेचार दिवस गेली.

मामा जूनमध्ये वाईला परतले. त्याआधी दोन दिवस मी पक्षीगृहात शेवटचा फोन लावला आणि तो त्यांच्या हातात दिला. तिथल्या सेवकाने सांगितले की पक्षी खातो आहे, चहा आता बंद आहे, आणि शेजारच्या जाळीत आणखी दोन पहाडी मैना आहेत. त्यांतल्या एकीने गेल्या आठवड्यापासून कुकरची शिट्टी उचलली आहे.

मामांनी फोन कानाला आणखी घट्ट धरला आणि विचारले, "किती शिट्ट्या देते? दोन की तीन?"